‘एसडीबी’ म्हणजे नक्की कोण?

अशी कल्पना करा की, मुले ज्या क्रमाने वर्गात शिरतील त्याच क्रमाने त्यांना रोज नवे क्रमांक द्यायचे, असे तुमच्या वर्गशिक्षकांनी ठरवले आहे. सोमवारी तुम्ही दुसरे आलात. तुमचा क्रमांक २. मंगळवारी वाटेत सायकलची साखळी निसटली, तेवढ्यात आणखी एक जण आत शिरला. आता २ क्रमांक त्याचा आणि तुमचा ३. येथवर काही बिघडले नाही. पण समजा, शिक्षकांनी आदल्या दिवशी वहीत टिपून ठेवले असेल की, ‘क्रमांक ३ ला उद्या छडी’, तर?

लिनक्स ही कार्यप्रणाली ज्या संगणकात असते, त्यात डिस्कना नावे मिळतात ती जवळजवळ याच रीतीने. आणि छडीचा प्रसंग माझ्याच हातून घडता घडता राहिला, म्हणून तो आधी सांगतो.

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेतील एका संगणकात दोन डिस्क आहेत. एक २४० गिगाबाइटची. तिच्यावर लिनक्स आहे. दुसरी २ टेराबाइटची. तिच्यावर विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रयोगांच्या चित्रफिती आणि गच्चीवरील तापमान व आर्द्रता यांची दर दहा मिनिटांची नोंद आहे. ही नोंद चार वर्षांची. प्रयोग पुन्हा करता येतो, पण तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील दुपारचे तापमान पुन्हा कसे मोजणार? या नोंदीची शेवटची नक्कल आठ महिन्यांपूर्वी घेतलेली होती, हेही कबूल करतो.

एके दिवशी मोडीत काढलेल्या एका संगणकातील ५०० गिगाबाइटची जुनी डिस्क हाती आली. ती कोरी करून वापरावी म्हणून मी संगणक बंद केला, कॅबिनेट उघडले, मदरबोर्डवरील रिकाम्या पोर्टमध्ये ती जोडली आणि संगणक सुरू केला. सर्व काही नेहमीप्रमाणे चालू झाले. सर्व फोल्डर जागच्या जागी दिसत होते. माझा हिशेब सरळ होता : पहिली डिस्क ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’, तेव्हा नवी आलेली ती ‘एसडीसी’. ‘एसडीसी’वर आरंभापासून अखेरपर्यंत शून्ये लिहिण्याची आज्ञा मी टंकली. या आज्ञेचे नाव ‘डीडी’. ती फार आज्ञाधारक आहे. ‘खरेच पुसू का?’ असे ती कधी विचारत नाही, आणि डिस्क वापरात असली तरी मागे हटत नाही.

एंटर दाबणार इतक्यात शेजारी उभे असलेले प्रयोगशाळा साहाय्यक म्हणाले, “सर, एकदा आकार बघून घेऊ या का?”

बघितला. ‘एसडीसी’पुढे आकार होता १.८ टेराबाइट!

(२ टेराबाइटची डिस्क १.८ कशी, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. डिस्क बनवणारे टेराबाइट म्हणजे १ वर १२ शून्ये इतके बाइट धरतात. ती दाखवणारी आज्ञा मात्र १०२४ चा चौथा घात धरते, आणि तो सुमारे १० टक्क्यांनी मोठा आहे. २ ला १.१ ने भागा म्हणजे उत्तर मिळेल. डिस्कमधून काही चोरीला गेलेले नसते.)

आता पाहू या, हे झाले कसे. संगणक सुरू होताच लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो प्रत्येक पोर्टला विचारतो, ‘कोणी आहे का?’ ज्याचे उत्तर आधी नोंदले जाईल त्याला ‘एसडीए’, पुढच्याला ‘एसडीबी’, असे करत ‘एसडीझेड’पर्यंत जायचे, त्याहून अधिक डिस्क असल्या तर पुढे ‘एसडीएए’. डिस्कच्या एकेका भागाला, म्हणजे पार्टिशनला, मागे आकडा लागतो : ‘एसडीबी१’, ‘एसडीबी२’. नावातील ‘एस’ हे अक्षर स्कझी या जुन्या जोडणी-पद्धतीचे आणि ‘डी’ हे डिस्कचे. आजच्या साटा डिस्क आणि पेनड्राइव्हसुद्धा कर्नलच्या लेखी त्याच खात्यात मोडतात. म्हणून सर्वांची रांग एकच. माझी मोठी डिस्क तिसऱ्या पोर्टवर होती आणि दुसरे पोर्ट रिकामे होते. जुनी डिस्क मी त्या दुसऱ्या पोर्टवर बसवली. तिला आधी हाक मिळाली, ती ‘एसडीबी’ झाली आणि चार वर्षांच्या नोंदी असलेली डिस्क सरकून ‘एसडीसी’ झाली.

पूर्वी असे नव्हते. रुंद चपट्या केबलच्या आयडीई डिस्क होत्या तेव्हा लिनक्समध्ये नाव जागेवरून ठरे. पहिल्या केबलवरील मुख्य डिस्क ‘एचडीए’, दुय्यम ‘एचडीबी’. दुसऱ्या केबलवरील मुख्य डिस्क ‘एचडीसी’. मधली जागा रिकामी असली तरी ‘एचडीसी’ ही ‘एचडीसी’च राही. परीक्षेच्या बाकावरील आसन क्रमांकासारखे ते होते. परंतु आज डिस्क चालू संगणकात येतात आणि जातात, बाक किती हे आधी सांगताच येत नाही. म्हणून आसन क्रमांक गेले आणि रांग आली.

रांगेतही आणखी एक भानगड आहे. कर्नल सर्व पोर्टना एकामागून एक विचारत बसत नाही. वेळ वाचावा म्हणून अनेकांना एकाच वेळी विचारतो. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तर एसएसडी लगेच उत्तर देते. तेव्हा तुम्ही काहीही न बदलता, नुसता संगणक बंद करून चालू केलात, तरी नावे बदललेली दिसू शकतात. मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई डिस्कची नावे वेगळी, आकडे जास्त असलेली असतात. पण दोन असल्या तर त्यांतही पहिली कोण आणि दुसरी कोण हे पुन्हा नोंदीच्या क्रमावरच.

मग नावे सरकली असताना माझा संगणक विनातक्रार सुरू कसा झाला? येथेच खरी गंमत आहे. यंत्र फसले नाही, मी फसलो.

लिनक्समध्ये ‘एफएसटॅब’ नावाची एक छोटी फाइल असते. कोणत्या डिस्कचा कोणता भाग कोणत्या फोल्डरशी जोडायचा, याची ती यादी. जुन्या काळी तिच्यात ‘एसडीबी१’ असे लिहीत. हल्ली लिनक्स बसवतानाच तेथे एक लांबलचक क्रमांक लिहिला जातो; त्याला यूयूआयडी म्हणतात. हा ३२ चिन्हांचा असतो आणि चिन्हे ० ते ९ व ए ते एफ अशी सोळा. पार्टिशन तयार करताना, म्हणजे फॉरमॅट करताना, तो यदृच्छेने काढून त्या पार्टिशनवरच लिहून ठेवतात. त्यातील काही अंक ठरावीक खुणेचे सोडले, तरी २ चा १२२ वा घात इतक्या शक्यता उरतात. म्हणजे सुमारे ५ वर ३६ शून्ये. दोन डिस्कवर योगायोगाने एकच क्रमांक येईल ही भीती बाळगू नका. यादीत हा क्रमांक असल्यामुळे संगणकाने ‘एसडीबी’ कोण आणि ‘एसडीसी’ कोण याची फिकीरच केली नाही. वहीवरचे नाव वाचून वही ज्याची त्याला दिली.

योगायोगाने जे होत नाही ते आपण हाताने मात्र करू शकतो. एका डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली, तर यूयूआयडीचीही नक्कल होते. मग दोन्ही एकाच वेळी जोडल्या की जुळ्या भावांची पंचाईत. नक्कल केल्यावर एक डिस्क काढून ठेवावी किंवा तिचा क्रमांक बदलावा. तसेच पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केले की जुना यूयूआयडी जातो आणि नवा येतो. एफएसटॅबमधील नोंद जुनीच राहते आणि संगणक नसलेल्या माणसाची वाट पाहत बसतो.

तेव्हा ओळख तीन प्रकारची आहे. जागेची, अंगची आणि लिहिलेली. लिनक्समध्ये यूडेव्ह नावाचा एक दक्ष कारकून आहे. डिस्क दिसली की तो तिची नोंद निरनिराळ्या फोल्डरांत करतो. ‘बाय-पाथ’ फोल्डरात ती कोणत्या पोर्टवर आहे यावरून, ‘बाय-आयडी’मध्ये तिचे मॉडेल व अनुक्रमांक यांवरून, आणि ‘बाय-यूयूआयडी’मध्ये तिच्यावर लिहिलेल्या क्रमांकावरून. तिन्ही ठिकाणची खूण शेवटी त्या दिवशीच्या ‘एसडी’ नावाकडेच बोट दाखवते. अनुक्रमांक म्हणजे कारखान्यात दिलेला. तो डिस्कच्या पाठीवरील कागदावर छापलेला असतो आणि तिच्या आतही नोंदलेला असतो. डिस्क कितीही वेळा पुसली तरी तो जात नाही. पुसण्यासारखे काम करायचे असेल तेव्हा हीच ओळख विश्वासाची. मी त्या दिवशी आज्ञेतून ‘एसडीसी’ काढून टाकले, तेथे ‘बाय-आयडी’तील पूर्ण नाव घातले, आणि कागदावरील अनुक्रमांकाशी एकेक अक्षर ताडून मगच एंटर दाबले.

तुमच्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या देखत ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन पाहा. पाचही अक्षरे इंग्रजीत, लहान लिपीत टंकायची. ती फक्त वाचते, काहीही बदलत नाही. कोणती डिस्क किती आकाराची आणि तिचा कोणता भाग कोठे जोडला आहे, हे झाडासारख्या आकृतीत दिसेल. तिलाच मॉडेल व अनुक्रमांक यांचे रकाने दाखवायलाही सांगता येते.

आता दुसरा प्रसंग. हा नावाचा नव्हे, यंत्राचा आहे. पण नावाची समज नसती तर तो सुटला नसता.

त्याच वर्षी भर पावसाळ्यात सकाळी संगणक लावला, तो पडद्यावर दीड मिनिट काहीतरी मोजत बसला आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ असे लिहून थांबला. “सर, कॉम्प्युटर गेला!” असे ओरडत मुले बाहेर आली. संगणक गेलेला नव्हता. एफएसटॅबमधील यूयूआयडी असलेले पार्टिशन हजर झाले नाही, म्हणून त्याने ९० सेकंद वाट पाहिली, आणि यादीतील माणूस नसताना गाडी पुढे काढायची नाही या शिस्तीने तो थांबला. यादीत त्या ओळीपुढे ‘नोफेल’ हा शब्द लिहिला तर तो थांबत नाही, तसाच पुढे जातो. पण यात एक खोच आहे. डिस्क नसताना तिचे फोल्डर रिकामे उरते, आणि गच्चीवरील नोंद त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे लहान डिस्कवर जाऊ लागते. पुढे मोठी डिस्क जोडली गेली की त्या नोंदी तिच्याखाली झाकल्या जातात आणि दिवस हरवले असे वाटते. म्हणून मी तो शब्द घातला नाही. थांबणारे यंत्र मला अधिक आवडते.

डिस्क दिसत नाही, म्हणजे डिस्क बिघडली, असे म्हणून नवी आणायला धावू नये. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये दोन केबल आहेत : एक माहितीची आणि एक विजेची. दोष तिघांपैकी कोणाचाही असेल.

पहिल्यांदा मी कर्नलची रोजनिशी उघडली. ‘डीएमईएसजी’ या आज्ञेने ती वाचता येते. तिच्यात डिस्कशी जुळलेला दुवा तुटला, पुन्हा जुळवला, पुन्हा तुटला, आणि अखेर ‘वेग ३ गिगाबिटपर्यंत उतरवत आहे’ अशा अर्थाच्या ओळी होत्या. या शेवटच्या ओळीत पदार्थविज्ञान दडलेले आहे. साटा केबलमधून सेकंदाला ६ अब्ज बिट जातात. म्हणजे एका बिटला वेळ मिळतो सुमारे ०.१७ नॅनोसेकंद. केबलमधील संकेताचा वेग प्रकाशाच्या दोनतृतीयांश, म्हणजे सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर धरला, तर एवढ्या वेळात तो जेमतेम ३ सेंटिमीटर सरकतो. साटा केबलची कमाल लांबी १ मीटर. म्हणजे अशा केबलमध्ये कोणत्याही क्षणी तीसएक बिट मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक चाललेले असतात! दोरीचे एक टोक बांधून दुसरे झटकले तर तरंग गाठीवरून परत येतो, हे तुम्ही प्रयोगात पाहिले आहे. केबल कोठे करकचून वाकली असेल, किंवा पत्र्याच्या टोकावर गंज असेल, तर तेथून संकेताचा काही भाग असाच परत फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटमध्ये मिसळतो. ऐकू नीट येत नसले की आपण फोनवर सावकाश बोलतो. कर्नलनेही तेच केले. वेग निम्मा केला.

पण बिट बिघडला हे कळते कसे? पाठवणारा प्रत्येक गठ्ठ्याबरोबर भागाकाराची बाकी पाठवतो. समजा, मला तुम्हांला ५८३ ही संख्या कळवायची आहे. ७ ने भागल्यास बाकी २. मी ‘५८३, बाकी २’ असे सांगतो. वाटेत ८ चा ९ झाला आणि तुम्हांला ५९३ ऐकू आले, तर तुम्ही भागून पाहाल. बाकी ५ येईल. लगेच म्हणाल, ‘पुन्हा सांगा.’ साटामध्ये भागाकार द्विमान पद्धतीचा आणि बाकी ३२ बिटांची असते, पण कल्पना हीच. तिला सीआरसी म्हणतात.

अशा किती चुका झाल्या हे डिस्क स्वतः मोजून ठेवते. डिस्कच्या पोटात स्मार्ट नावाची एक आरोग्य-नोंदवही असते आणि ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने ती वाचता येते. तिच्यातील १९९ क्रमांकाची नोंद या सीआरसी चुकांची. म्हणजे वाटेत बिघडलेल्या माहितीची. ५ क्रमांकाची नोंद तबकडीवरील खराब होऊन बदलून टाकलेल्या जागांची, आणि १९७ ही वाचता येत नसलेल्या, निकाल न लागलेल्या जागांची. निदान करायला या तीन नोंदी बहुतेक वेळा पुरतात. १९९ वाढते आहे पण ५ आणि १९७ शून्यावर आहेत, तर संशय वाटेवर, केबलवर. ५ आणि १९७ वाढताहेत तर तबकडीवर. मात्र १९९ ची नोंद दुरुस्तीनंतर खाली येत नाही. ती जन्मभराची बेरीज असते. म्हणून आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे पाहायचे. आणि त्यासाठी तारीख घालून वहीत लिहायला हवा.

विजेचा संशयही तपासायला हवा होता. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना तिला सुमारे २ अँपिअर प्रवाह लागू शकतो. जोडणीच्या पत्र्यावर गंजामुळे अर्ध्या ओहमचा रोध आला, तर ओहमच्या नियमाने तेथेच १ व्होल्ट खर्ची पडतो, आणि डिस्कला मिळतात ११. एसएमपीएसने १२ व्होल्टच्या तारेवर ५ टक्क्यांहून अधिक फरक पडू द्यायचा नसतो, म्हणजे ११.४ च्या खाली उतरायचे नाही. अशा वेळी डिस्क फिरू लागते, धाप लागल्यासारखी थांबते आणि पुन्हा सुरू होते. चालू संगणकात असे झाले तर ‘एसडीबी’ नाहीशी होऊन तीच डिस्क ‘एसडीडी’ म्हणून परत येऊ शकते, कारण जुने नाव अद्याप कोणा फाइलीने अडवून ठेवलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, नवी डिस्क कोठून आली?

चारपाच वेळा बंद-चालू केल्यावर डिस्क एकदा दिसली. तेव्हा मी निदान बाजूला ठेवले आणि चार वर्षांची नोंद आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मग स्मार्टची वही वाचली. ५ शून्य, १९७ शून्य, १९९ मध्ये ७६४.

संशय केबलवर, पण पुरावा हवा. प्रयोगशाळेचा नियम तुम्ही जाणता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. संगणक बंद करून, पिन काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवली, आणि फक्त माहितीच्या केबलची अदलाबदल केली. मोठ्या डिस्कची केबल जुन्या ५०० च्या डिस्कला, तिची मोठीला. मदरबोर्डकडील टोके हलवली नाहीत. त्यामुळे डिस्कचे पोर्ट बदलले, आणि संगणक लावताच नावेही बदलली. ‘एसडीबी’ आणि ‘एसडीसी’ असे वहीत लिहीत बसलो असतो, तर कोणाची चूक कोणाच्या नावावर पडली हे कधीच कळले नसते. मी अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहीत होतो.

दोन दिवसांत मोठ्या डिस्कचा आकडा हलला नाही. जुन्या डिस्कचा मात्र शून्यावरून ३१ वर गेला. दोष केबलबरोबर, किंवा ती ज्या पोर्टवर होती त्या पोर्टबरोबर गेला होता. त्याच पोर्टवर नवी केबल लावली, चुका थांबल्या. म्हणजे पोर्टही निर्दोष. जुनी केबल हातात घेऊन पाहिली, तर ती टोकाजवळ अगदी काटकोनात मोडलेली होती. कॅबिनेटचे झाकण बसवताना मीच ती दाबली होती, बहुधा जुनी डिस्क जोडली त्या दिवशी.

५ व १९७ वाढत असते तर गोष्ट निराळी होती. मग दुरुस्तीच्या आज्ञा चालवून पाहण्याचा मोह टाळायचा असतो, कारण आजारी तबकडीवर केलेले प्रत्येक वाचन-लेखन तिचे आयुष्य खाते. जे वाचता येते ते आधी दुसरीकडे उतरवायचे, आणि टकटक आवाज येत असेल तर वीज लगेच बंद करायची. डिस्क उघडून पाहायची तर मुळीच नाही. वाचणारे टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. त्याच्या दृष्टीने धुळीचा कण म्हणजे डोंगर.

आता दोन्ही डिस्कच्या दर्शनी बाजूला अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक कागदावर लिहून चिकटवले आहेत, आणि दर सोमवारी एक विद्यार्थी १९९ चा आकडा वहीत उतरवतो. मोठ्या डिस्कपुढे अजून ७६४ च आहे.